प्रवासातून आणलेली वस्तू काही वर्षांनी वेगळीच का वाटू लागते?

हौसेने घेतलेलं फ्रिज मॅग्नेट आता काहीच सांगत नाही, आणि खिशात चुकून राहिलेलं बसचं तिकीट मात्र टाकवत नाही. संग्रह करणाऱ्याने याचं काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

दुकानात असेपर्यंत वस्तू ही फक्त त्या जागेची खूण असते. घरी आली की ती जागा मागे पडते आणि वस्तूला नवे शेजारी मिळतात. अभ्यासक बेव्हर्ली गॉर्डन यांनी १९८६ मध्ये स्मृतिवस्तूंचे पाच प्रकार सांगितले: जागेचं चित्र, जागेचाच तुकडा (दगड, शिंपला), जागेची खूण ठरलेल्या गोष्टीची प्रतिकृती, नाव छापलेली साधी वस्तू आणि तिथला माल. वर्गवारी उपयोगी आहे, पण वस्तू एका खान्यात बसून राहत नाही. चहाचा डबा आणला तेव्हा तो तिथला माल असतो. चहा संपतो, डब्यात सुया-दोरे येतात आणि पाच वर्षांनी तो घरातल्या शिवणकामाचा डबा होतो. मालिका जमवणाऱ्यांचं निराळं. चाळिसाव्या मॅग्नेटचा अर्थ गावापेक्षा मालिकेतल्या रिकाम्या जागेतून येतो. तुम्ही न पाहिलेल्या गावाचं मॅग्नेट कुणी भेट दिलं, तर ती आठवण गावाची नाही, देणाऱ्याची. ते वेगळ्या रांगेत लावा.

त्यामुळे जपायच्या गोष्टी दोन, वस्तू आणि तिची नोंद. नोंदीत बहुतेकांची चूक एकच होते: नवा अर्थ सुचला की जुना खोडतात. मग आजचं वाटणं पहिल्यापासूनच होतं असं वाटू लागतं. प्रत्येक वस्तूला एक कार्ड करा. वरच्या अर्ध्यात कुठून, केव्हा, कशी मिळाली आणि तेव्हा का घ्यावीशी वाटली, एवढंच. खालचा अर्धा कोरा ठेवा. वर्षातून एकदा कार्ड न वाचता वस्तू हातात घ्या, जे आठवेल ते तारीख घालून खाली लिहा आणि मगच वरचं वाचा. तफावत दिसली तरी वरच्या मजकुराला हात लावू नका.

कार्ड आणि वस्तू यांची ताटातूट होऊ नये म्हणून दोन्हींवर एकच क्रमांक हवा. चिकटपट्टी नको; तिचा गोंद पिवळा पडून डाग धरतो. लहान वस्तूला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. चकचकीत चिनी मातीच्या तळाला पॅरालॉइड बी-७२ (ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पारदर्शक ॲक्रिलिक राळ) याचा पातळ थर द्या, सुकल्यावर पिगमेंट शाईने क्रमांक घाला आणि वर आणखी एक थर द्या. हा थर ॲसिटोनने निघतो. कच्च्या लाकडावर किंवा न चकाकवलेल्या मातीवर हे करू नका, द्रावण आत मुरतं. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा.

सगळ्यात आधी तिकिटं हातात घ्या. यंत्रातून निघणारं तिकीट बहुधा थर्मल कागदाचं असतं; त्यावर शाई नसते, उष्णतेने रंग बदलणारा लेप असतो. उजेड, हाताचं तेल आणि पीव्हीसीच्या पाकिटातले मऊपणा आणणारे घटक ती अक्षरं पुसतात. आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मग पॉलिप्रोपिलीनच्या पाकिटात घालून अंधारात ठेवा. लॅमिनेशन तर मुळीच नको, यंत्राच्या उष्णतेने तिकीट काळं पडतं.

शिंपल्यांवर पांढरी भुकटी दिसली की लोक बुरशी समजतात. ती बहुधा बुरशी नसते. लाकडी कपाटातून, विशेषतः ओकच्या, आणि साध्या पुठ्ठ्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिंपल्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटला खातात. शिंपले साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात हलवा. पाणी भरलेला काचगोळा (स्नो ग्लोब) उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि त्याने आग लागू शकते.

दुरुस्तीची घाई करू नका. कपाचा कान तुटला आणि पुढे त्या तुटण्याचीच आठवण राहिली, तर तो जोडल्यावर नेमकं तेच जातं. आधी तुटलेल्या अवस्थेतला फोटो काढा, तुकडा क्रमांक घालून पाकिटात ठेवा. जोडायचाच असेल तर पुढच्या वार्षिक नोंदीनंतर जोडा.

आणि ज्या मॅग्नेटकडे बघून गावाच्या नावापलीकडे काहीच आठवत नाही, ते लगेच काढू नका. कार्डावर ‘काही नाही’ असं तारखेसकट लिहा आणि खोक्यात ठेवा. सलग तीन वर्षं तेच लिहावं लागलं, तर खुशाल देऊन टाका. कार्ड मात्र ठेवा.