फेरियरच्या आवाजात दुखणं ऐकू येतं का?

प्रश्न: आमच्या नाट्यसंगीताच्या ग्रुपवर कॅथलीन फेरियर या इंग्लिश गायिकेची, मालर या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या रचनेची १९५२ ची रेकॉर्ड कोणीतरी टाकली, खाली लिहिलं होतं की पुढे कॅन्सरने पायाचं हाड गेलं तरी ती स्टेजवर गात राहिली. हे खरंच झालं का? मला तिच्या आवाजात ते दुखणं जाणवतं.
– एक वाचक, सांगली

उत्तर: हो ताई, खरंच झालंय. ६ फेब्रुवारी १९५३, लंडनचं कोव्हेंट गार्डन, ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरात ती ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातला गायक, होती, आपल्याकडे बालगंधर्व भामिनी व्हायचे तसं इथे या बाईने पुरुषाचं काम केलेलं, आवाज तेवढा खर्जातला आणि भरदार. दुसराच प्रयोग, आणि गाता गाता डाव्या मांडीचं हाड मोडलं, कॅन्सरने आधीच पोखरलेलं होतं. हलताच येईना. सोबतचे कलाकार पटकन जवळ आले, आधार दिला, प्रेक्षकांना काही कळू दिलं नाही, आणि हिने उरलेलं सगळं गाऊन, टाळ्या घ्यायला पडद्यापुढे येऊन मग हॉस्पिटल गाठलं. पुढचे प्रयोग रद्द झाले. ८ ऑक्टोबरला गेली, वय अवघं ४१.

पण लोक एवढंच सांगून थांबतात याचं मला फार वाईट वाटतं. लँकेशायरची मुलगी, आधी टेलिफोन ऑपरेटर, पियानो वाजवायची, १९३७ ला नवऱ्याने पैज लावली म्हणून कार्लाइलच्या स्पर्धेत गाण्यालाही नाव दिलं आणि दोन्हीत पहिली आली! एप्रिल १९५१ ला स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, जूनमध्ये लगेच लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलला बाख या जर्मन संगीतकाराची रचना गायली, पुढे रेडिएशन आणि कार्यक्रम असं दोन्ही सांभाळत राहिली.

आता दुखण्याचं. मालरची हीच रचना, ‘दास लीड फॉन देअर एर्ड’ (पृथ्वीचं गाणं), ती १९४७ ला एडिनबराला ऑर्केस्ट्राचे संचालक ब्रूनो वॉल्टर यांच्याबरोबर गायली तेव्हा आजाराचा पत्ताही नव्हता, आणि शेवटी इतकं भरून आलं की शेवटचे शब्द फुटेचनात, नंतर वॉल्टरकडे माफी मागितली तिने. तुम्ही ऐकलीत ती व्हिएन्नाची रेकॉर्ड, वॉल्टरच होते, कॅन्सर झालेला होता, आणि तिथे तोच शेवट तिने एकेक सूर धरून पूर्ण गायलाय. म्हणून मला तरी त्यात गाण्याची तयारीच ऐकू येते. शेवटचा भाग जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे, तुम्ही स्वतः गाणाऱ्या, तो परत लावा आणि ती श्वास कुठे घेते तेवढं बघा.