आधी प्रत, मग स्वाक्षरी

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून मी एका समकालीन इंग्रजी कादंबरीची प्रत घेतली. आत ‘फर्स्ट एडिशन’ असे छापलेले आहे, शीर्षकपानावर लेखिकेची सही आहे आणि सोबत सही अस्सल असल्याचे प्रमाणपत्रही मिळाले आहे. तरीही शंका जात नाही. प्रत खरोखर पहिली आहे का आणि सही खरी आहे का, हे मला स्वतःला कसे तपासता येईल?

उत्तर : आपण सही आधी पाहिली असणार; बहुतेक सगळे तेच करतात. मी मात्र सही झाकून आधी पुस्तक पाहावे असे सुचवीन, कारण अस्सल सही दहाव्या मुद्रणाच्या प्रतीवरही असू शकते, आणि लेखकाने वीस वर्षांनंतर सही केली म्हणून पहिल्या मुद्रणाची प्रत दुय्यम ठरत नाही.

मराठीत आपण ‘आवृत्ती’ हा शब्द नव्या मुद्रणालाही सर्रास लावतो. संग्राहक ‘फर्स्ट एडिशन’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण असते. शीर्षकपानाच्या मागच्या पानावर तळाशी आकड्यांची एक ओळ असते. बहुतेक प्रकाशकांच्या बाबतीत त्या ओळीत १ हा आकडा शिल्लक असेल तर मुद्रण पहिले. प्रत्येक नव्या मुद्रणाच्या वेळी सर्वांत लहान आकडा काढून टाकला जातो. अपवादही आहेत. रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेच्या पुस्तकांत अनेक वर्षे पहिल्या मुद्रणाची ओळ २ पासूनच सुरू होत असे आणि ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द एकाच्या जागी उभे असत. पुढच्या मुद्रणात ते शब्द काढले जात. त्यामुळे आपल्या प्रतीच्या प्रकाशकाची त्या काळातली पद्धत कोणती होती, हे आधी पाहावे. डस्ट जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीवर किंमत छापलेली नसेल आणि मागच्या पुठ्ठ्यावर तळाच्या कोपऱ्यात बोटाला जाणवणारा लहानसा खळगा असेल, तर ती प्रत बहुधा बुक क्लबची, म्हणजे सभासदांसाठी वेगळी छापलेली, आहे; मग आत काहीही छापलेले असो.

जॅकेट फाटले म्हणून फेकून देणाऱ्यांनी १९२५ च्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीकडे पाहावे. तिच्या पहिल्या जॅकेटच्या मागच्या बाजूला नायकाच्या नावाचे आद्याक्षर चुकून लहान लिपीत छापले गेले आणि ते बहुतेक प्रतींवर हाताने, शाईने दुरुस्त केलेले आढळते. या कादंबरीच्या जॅकेट नसलेल्या आणि जॅकेट असलेल्या पहिल्या प्रतीच्या किमतीत इतकी तफावत असते, की संग्राहक पुस्तक विकत घेतो की कागदाचे वेष्टन, असा प्रश्न पडावा.

आता सही. भिंग घेऊन पाहा. सहीच्या रेषा बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसल्या तर ती छापलेली आहे. हाताने केलेल्या सहीत वेग आणि दाब बदलतात. वळणावर शाई दाटते, शेवटच्या फटकाऱ्यात ती विरळ होते. पेन धरून सही गिरवणारी यंत्रे असतात; अशा यंत्राने ओढलेल्या सहीत जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते आणि दोन्ही टोकांना अनेकदा टेकवलेल्या पेनाचा बोथट ठिपका दिसतो. सर्वांत सोपी कसोटी तुलनेची. कोणीही माणूस दोनदा तंतोतंत एकसारखी सही करत नाही. दोन सह्या एकमेकींवर नेमक्या बसल्या तर संशय घ्यावा. तुलना मात्र त्याच काळातल्या सह्यांशी करावी, कारण उतारवयात हात बदलतो.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच सांगतो : देणारा कोण आणि त्याने सही होताना पाहिली का, या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो नुसता कागद आहे. किंबहुना पाठीशी नामवंत प्रकाशक असला तरी सावध राहावे. २०२२ मध्ये गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या पुस्तकाच्या ९०० प्रती त्यांनी स्वहस्ते सही केलेल्या म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या आणि सोबत प्रकाशकाचे हमीपत्रही होते. ग्राहकांनी आपापल्या प्रतींची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा सह्या यंत्राच्या असल्याचे उघड झाले. प्रकाशकाने पैसे परत केले आणि डिलन यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

आपल्या प्रतीत सहीचे पान बांधणीत नंतर घातलेले आहे का, हेही पाहावे. प्रकाशक सुटी पाने लेखकाकडे पाठवतात आणि सह्या होऊन आल्यावर ती पुस्तकात बांधतात. यात फसवणूक नाही. परंतु हे पुस्तक लेखिकेच्या हातात कधी आलेच नव्हते, एवढे लक्षात ठेवावे. चिकटवलेल्या लेबलावरची सही मी त्याहून खालची मानतो.

प्रश्न : लेखकाकडून सही घेताना माझे नाव घालून घ्यावे की नुसती सही?

उत्तर : पुढे विकायचे असेल तर नुसती सही, शक्यतो शीर्षकपानावर, अनोळखी माणसाचे नाव पुढच्या खरेदीदाराला बहुधा नको असते. मात्र ते नाव लेखकाच्या मित्राचे, संपादकाचे किंवा दुसऱ्या लेखकाचे असेल तर हिशेब उलटतो आणि तीच प्रत सर्वांत मोलाची ठरते. आपल्याला विकायचेच नसेल तर खुशाल नाव घालून घ्यावे, तारीखही घालायला सांगावी. प्रकाशनाच्या आठवड्यातली तारीख असली तर पुढे संग्राहकही खूश होतो.

प्रश्न : जॅकेटवरचे किमतीचे लेबल काढावे का? आणि प्लॅस्टिकचे आवरण घालावे का?

उत्तर : लेबल ओढू नये, निघताना ते छपाईचा थरही घेऊन जाते. आवरण घालावे, पण पॉलिएस्टरचे, आणि ते कुठेही चिकटपट्टीने जॅकेटला चिकटवू नये. पीव्हीसीचे आवरण कालांतराने चिकट होते आणि शाई ओढून घेते. पुस्तक उन्हापासून दूर आणि उभे ठेवावे; सर्वांत आधी विटतो तो जॅकेटचा पाठीवरचा लाल रंग.