दोन एकर विकायच्या आधी

रामराम भाऊ,

तुमचा निरोप वाचला. मुलगी नागपुरात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढं इंटर्नशिप. एजंट म्हणतो, इंग्लंडात एका वर्षाचं एमएस्सी केलं की ती तिथंच फिजिओ म्हणून लागते. त्यासाठी नाल्याकडचे दोन एकर काढायचे का, असं तुम्ही विचारलं. मी म्हणतो, काढू नका. मी दारव्हा तालुक्यातलाच. हेच शिकलो आणि सात वर्षांपासून इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, दवाखान्यात आहे, पण मी एमएस्सी करायला आलो नव्हतो.

एजंटला एकच विचारा: या कोर्सनं एचसीपीसीची नोंदणी मिळते का? ‘होऊन जाते’ म्हणाला तर उठा. एचसीपीसी म्हणजे इथली नोंदणी परिषद. फिजिओ, रेडिओग्राफर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, डाएटिशियन असे १५ व्यवसाय तिच्याकडे आहेत. तिच्या यादीत नाव नसेल तर स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणं इथं गुन्हा आहे. नोंदणी मिळवून देणारं एमएस्सी वेगळं असतं. ते बहुतेक दोन वर्षांचं, आणि ज्यांनी आधी दुसरंच काही शिकलंय त्यांच्यासाठी. मान्य कोर्सची यादी परिषदेच्या साइटवर उघडी आहे, मुलीला दहा मिनिटं लागतील. पब्लिक हेल्थचं एका वर्षाचं एमएस्सी करून आलेली आपलीच पोरं मी पाहिलीत. शिकताना आठवड्याला २० तास कामाची मुभा, त्यात ती म्हाताऱ्यांच्या निवासात रात्रपाळी करतात. कामाला नावं ठेवत नाही, पण त्याच्यासाठी वावर विकायचं काय काम?

नोंदणीला लागते ती तिची नागपूरचीच पदवी. अर्ज घरून होतो. काय शिकवलं, किती तास शिकवलं, वॉर्डात किती तास काढले, हे परिषद तपासते आणि आपल्या निकषांशी ताडून पाहते. इथल्या पोरांना शिकताना साधारण १००० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ काढावे लागतात, तेही हाडं-सांधे, मेंदू-मज्जा आणि छाती-श्वसन या तिन्ही बाजूंचे. आपल्याकडे तास कमी पडत नाहीत, कागद कमी पडतात.

माझंच सांगतो. माझं लॉगबुक घरी फडताळावर होतं. त्या पावसाळ्यात कौलं गळली आणि न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-मज्जेच्या वॉर्डातल्या, पोस्टिंगची सगळी पानं निळी झाली. तारीख कुठली, सही कुठली, काही कळेना. सही करणाऱ्या मॅडमची बदली झालेली. भाऊ एसटीनं तीनदा जाऊन आला, तेव्हा कुठं नवीन पत्र मिळालं. तुमच्या पोरीला म्हणा, प्रत्येक पोस्टिंग संपली की त्याच आठवड्यात सही-शिक्का घे, मोबाइलवर फोटो काढ, सिलॅबसची सही केलेली प्रत आत्ताच मागून ठेव.

दुसरी अडचण इंग्रजीची. परिषदेला आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ लागतात आणि कुठल्याही भागात ६.५ च्या खाली चालत नाही. मी पहिल्यांदा रायटिंगमध्ये ६ वर अडकलो. बोलणं जमतं आपल्या पोरांना, लिहिणं मार खातं. रोज एक पान लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यायला सांगा.

इंटर्नशिपनंतर दोन वर्षं तिला मोठ्या दवाखान्यात काढू द्या, आयसीयू असलेल्या. क्लिनिकमध्ये नुसती शेक देणारी मशीन लावून इथली मुलाखत निघत नाही. मला विचारलं होतं, ‘ऐंशीच्या पुढची बाई, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालंय, एकटी राहते, घरी जायचं म्हणते. काय कराल?’ मी धडाधडा व्यायाम सांगितले. त्यांना ऐकायचं होतं ते वेगळंच: घरात पायऱ्या किती, कठडा कोणत्या हाताला, संडास वर की खाली, चहाचा कप किचनमधून खुर्चीपर्यंत कसा नेणार. आपल्याकडे आपण माणसाला खाली बसून उठता येतं का ते बघतो, इथं जिना चढता येतो का ते. बाईला घरी सोडायचं की नाही, यात फिजिओच्या शब्दाला वजन असतं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर सगळं अडत नाही. २०१३ पासून जादा शिक्षण घेतलेल्या फिजिओला इथं औषधंही लिहून देता येतात. म्हणून जबाबदारीही तेवढीच. जे केलं ते त्याच दिवशी लिहायचं. सुरुवातीची पगारश्रेणी बँड ५, त्यात रात्री छातीच्या पेशंटसाठी ऑन-कॉल बोलावणं येतं.

नोकरी लगेच मिळेल असं मात्र धरू नका. सध्या इथल्याच नव्या पदवीधरांना बँड ५ च्या जागेसाठी वाट पाहावी लागते. अनुभव लागतो तो म्हणूनच. जागा मिळाली तर दवाखाना स्पॉन्सर करतो आणि हेल्थ अँड केअर व्हिसा मिळतो. त्यात व्हिसासोबत भरायचा आरोग्याचा अधिभार माफ असतो, विद्यार्थी म्हणून आली तर तोच वर्षाला ७७६ पौंड. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर ते इथल्या भरतीच्या नियमात बसत नाही, हे त्या एजंटलाही ठाऊक असेल.

ऑस्ट्रेलियाचं विचारलंत. तिथं लेखी आणि रुग्णावरची, दोन्ही परीक्षा होतात. खर्च जास्त, त्यामुळं तो विचार नंतर.

एक काम या महिन्यात करा. मुलीसोबत कॉलेजच्या ऑफिसात जा आणि परदेशी परिषदांना पदवीच्या पडताळणीची उत्तरं कोण पाठवतं, ते विचारून घ्या. त्या बाबूंचा जीमेल नको, कॉलेजच्या नावाचा ई-मेल पाहिजे. माझ्या वेळी उत्तर जीमेलवरून गेलं, परिषदेनं ते धरलंच नाही आणि चार महिने तिथंच गेले.