चेनसॉ सुरू होत नाही? आधी स्पार्क प्लग बघा

दादा, लगेच कार्बोरेटरचे स्क्रू पिळू नका. नव्या माणसाची पहिली चूक तीच (माझीही तीच होती).

थंड मशीनला चेनब्रेक लावून पूर्ण चोक द्या, दोरी ओढा. एकदा 'फट्' झालं की चोक अर्धा करा. तो आवाज निसटला आणि पूर्ण चोकवरच ओढत राहिलात, तर इंजिन पेट्रोलने भरतं. मग प्लग काढून पुसा, स्विच बंद करा, चोक 'ऑफ' करा, आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि प्लग बसवा.

प्लग कोरडाच निघाला? म्हणजे इंजिनात पेट्रोल पोहोचत नाही.
- टाकीतला फिल्टर बघा.
- गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल काढून टाका.

ताज्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेप्रमाणेच. 50:1 असेल तर लिटरला 20 मिली. नुसत्या पेट्रोलवर चालवलंत तर पिस्टन जाम होईल.