माळ्यावरची निळी बॅग

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका भगिनींनी लिहिले आहे: "मुलाचा जन्म 10 ऑगस्ट 2022 चा, डॉक्टरांनी दिलेली तारीख 24 ऑक्टोबर होती. त्याला शंभरपर्यंत आकडे येतात, तेव्हा येत्या सप्टेंबरातच, म्हणजे 2026 मध्ये, रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, घालू, उगाच वर्ष वाया कशाला, असे यजमान म्हणतात. सासूबाईंचेही तेच मत आहे. नर्सरीतून आला की मात्र तो दारातल्या पायपुसण्यावर बुटांसकट झोपी जातो. हॉस्पिटलचे कागद माळ्यावरच्या निळ्या बॅगेत आहेत, ती अजून उघडलेली नाही. काय करावे?"

यजमान आणि सासूबाई काय म्हणतात ते तुम्ही सविस्तर कळवलेत आणि बॅग एका ओळीत उरकलीत. मला त्या ओळीबद्दलच बोलायचे आहे.

इंग्लंडमध्ये 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट या काळात जन्मलेल्या मुलाला, तो पाच वर्षांचा झाल्यानंतरच्या सप्टेंबरपर्यंत शाळेत घालण्याची सक्ती नाही; म्हणजे तुमच्या मुलाला 2027 पर्यंत घरी ठेवायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पेच त्यापुढचा आहे. तेव्हा तो रिसेप्शनमध्ये बसेल की एकदम त्याच्या पुढच्या वर्गात, इयर वनमध्ये, हे काउन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) शाळेत काउन्सिल आणि अकॅडमीत, म्हणजे सरकारी पैशावर ट्रस्टने चालवलेल्या शाळेत, तिचा ट्रस्ट ठरवतो, आणि हे ठरवताना मूल वेळेवर जन्मले असते तर खालच्या वर्गात गेले असते का, याचा विचार त्यांनी करावा, असे सरकारी प्रवेश-नियमावलीतच म्हटले आहे. तुमचा मुलगा ऑक्टोबरात जन्मला असता तर त्याचे रिसेप्शन 2027 लाच सुरू झाले असते आणि तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते.

शंभरपर्यंतचे आकडे तो वर्षभरात विसरणार नाही. यंदा घातलात तर वर्गातली सप्टेंबरात जन्मलेली मुले त्याच्याहून अकरा महिन्यांनी मोठी असतील, आणि लवकर जन्मल्याचे अडीच महिने धरले तर जवळजवळ चौदा. पायपुसण्यावर झोपणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'वर्ष वाया' हा शब्दप्रयोग मला तरी सहन होत नाही.

तुमच्या वतीने मी यजमानांशी भांडावे, अशी तुमची अपेक्षा दिसते. ते मी करणार नाही. तीन वर्षे तुम्ही ती बॅग उघडली नाहीत, त्यामुळे तुमचे म्हणणे घरात 'आईची काळजी' एवढेच उरले आहे. कागदावर मात्र तेच, गरोदरपणाचे 29 आठवडे आणि 2 दिवस, असे स्पष्ट लिहिलेले असेल.

तेव्हा या रविवारी बॅग खाली काढा आणि शिडी यजमानांना धरायला सांगा. डिस्चार्जच्या कागदाची प्रत जोडून, 2027 मध्ये रिसेप्शनलाच प्रवेश मिळावा, असा विनंती-अर्ज करा. त्याच्याबरोबर 2026 चा नेहमीचा अर्जही 15 जानेवारीच्या आत भरा आणि लेखी होकार हाती आल्याखेरीज तो मागे घेऊ नका, कारण तोंडी आश्वासनावर जागा सोडणे धोक्याचे आहे.

बॅगेत लिंबाएवढी टोपी निघेल, मनगटाचा पट्टा निघेल. त्यांच्यापाशी हवा तेवढा वेळ बसा, दोघेही बसा; पण तो डिस्चार्जचा कागद पुन्हा माळ्यावर जाता कामा नये.