मूल आईवडिलांनाच जपू लागते तेव्हा

तुम्ही लिहिता, "घरात त्याला कशाचीही कमतरता नाही, आम्ही दोघेही त्याच्यासाठीच राबतो, मग वर्गातली मुले वर्षभर त्याचा छळ करत होती हे त्याने आम्हाला का सांगितले नाही?" ताई, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. परदेशात राहताना व्हिसाची चिंता, नोकरीची टांगती तलवार, भारतातल्या आईवडिलांची आजारपणे हे सारे तो रोज ऐकतो, आणि आपल्या दुःखाची त्यात भर नको म्हणून गप्प राहतो. आपल्या घरांतली मुले आईवडिलांना फार जपतात, हे मी या सदरात पुन्हा पुन्हा लिहिते आणि यापुढेही लिहीत राहणार आहे.

माझा पुतण्या शाळेतून आला की दप्तर टाकून आधी स्वच्छतागृहाकडे धावायचा. दिवसभर तो तिथे जातच नव्हता, कारण त्याला गाठून मारायची जागा तीच होती. विचारले की "काही नाही" एवढेच म्हणे. शेवटी कपड्यांच्या घड्या घालताना, समोर न बघता, त्याने माझ्या सासूबाईंना सगळे सांगितले, कारण त्या मध्येच बोलल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये 1994-95 साली जन्मलेल्या 1,116 जुळ्यांच्या जोड्यांच्या अभ्यासातून 2010 साली असे पुढे आले, की आईची माया, भावंडांचा जिव्हाळा आणि घरातले चांगले वातावरण लाभलेली मुले असा छळ सोसूनही अधिक सावरलेली होती. एकसारख्या जुळ्यांतही ज्याला आईची माया अधिक मिळाली, त्याच्या वर्तनाच्या तक्रारी कमी होत्या. म्हणून रागावून सांगते, "तू उलट का मारले नाहीस?" हा तुम्ही पत्रात लिहिलेला तुमच्या यजमानांचा प्रश्न आजपासून बंद करा. मार खाल्ल्याचा दोषही आपलाच, हे मूल त्यातून शिकते. पैशांवरून होणारी तुमची भांडणेही त्याच्या कानाआड ठेवा, आणि रोज थोडा वेळ काहीही न विचारता त्याच्याजवळ बसा.

शाळा बदलण्याची घाई नको. घडलेले प्रकार तारखेनिशी लिहून मुख्याध्यापकांना लेखी कळवा. तुम्हाला काळजी वाटते त्या गणिताच्या गुणांचे पुढे पाहता येईल. मात्र झोप उडाली, खाणे तुटले, तर डॉक्टरांना दाखवा, आणि जगणे नकोसे झाल्याचे तो एकदा जरी बोलला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी घेऊन जा.