चेंबरमधली वाट आणि टेबलावरची वाट

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. औषधांच्या लॅबमध्ये कामांचं वेळापत्रक सांभाळायचं पद मिळालं, पगार होता तेवढाच. हातात एक मेथड ट्रान्सफर (तपासणीची पद्धत एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेणं), तीन बॅचची स्टॅबिलिटी (औषध किती काळ टिकतं याची चाचणी), दोन जुन्या प्रॉडक्टमध्ये नायट्रोसमीन ही कॅन्सरची भीती असलेली अशुद्धी शोधायचं काम, आणि वर ऑडिट कधीही येईल ही टांगती तलवार. शेवटी विचारलंस, "मॅडम, हे सगळं सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी हसले, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पहिल्यांदा जबाबदारी आली तेव्हा मी याहून मोठा वेडेपणा केला होता. भिंतीएवढा तक्ता काढला, चार रंगांच्या स्केचपेनांनी. दिसायला फार देखणा झाला. तिसऱ्या आठवड्यात त्यातली एकही तारीख खरी उरली नव्हती.

कारण सोपं होतं. तक्त्यात मी कामाचे दिवस मांडले होते. वाट बघण्याचे मांडलेच नव्हते.

तेव्हाचे आमचे साहेब फार बोलत नसत. तक्त्याकडे बघून एवढंच म्हणाले, "एका नमुन्याच्या मागे मागे फिर." मला राग आला, पण फिरले. सोमवारी सकाळी एक नमुना इनवर्डला (नोंदीच्या टेबलावर) आला, त्याचा नंबर हाताच्या वहीत लिहिला आणि तो कुठे आहे ते रोज दोनदा बघितलं. त्याच्यावर माणसाचा हात आणि यंत्राचा वेळ मिळून खर्च झाले जेमतेम सोळा तास. रिपोर्ट बाहेर पडला तेराव्या दिवशी. मधल्या दिवसांत तो काय करत होता? दोन दिवस ट्रेमध्ये, कारण वर्किंग स्टँडर्डची, म्हणजे ज्याच्याशी नमुना ताडायचा त्या पदार्थाची, मुदत संपली होती आणि नवं क्वालिफाय व्हायचं होतं. तीन दिवस कॉलमसाठी (नमुन्यातले घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी), कारण त्या लांबीचा कॉलम दुसऱ्या प्रॉडक्टवर चढलेला. (तसाच आणखी एक कॉलम मिळाला नंतर, आमच्याच खालच्या ड्रॉवरमध्ये. काखेत कळसा म्हणतात तो हाच.) आणि तब्बल पाच दिवस रिव्ह्यूच्या, म्हणजे निकाल फेरतपासण्याच्या, टेबलावर. अॅनालिस्ट चौदा आणि रिव्ह्यूअर दोघं. घोडं तिथे पेंड खात होतं, आणि आम्ही दर मीटिंगला अॅनालिस्टना "हात चालवा" म्हणत होतो.

तू पहिल्या आठवड्यात बाकी काही करू नकोस, हे एवढं कर. खुर्चीतून उठ. उंटावरून शेळ्या हाकणारे को-ऑर्डिनेटर तुझ्या मजल्यावर आधीच पुरेसे असतील.

एक गणितही सांगून ठेवते. जॉन लिटल यांनी ते १९६१ मध्ये सिद्ध केलं, पण पोस्टाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही ते कळतं. रजिस्टरमध्ये उघडे नमुने किती, भागिले रोज सरासरी किती रिपोर्ट बाहेर पडतात. नव्वद उघडे आहेत आणि रोज सहा सुटतात, तर आज आलेल्या नमुन्याला सरासरी पंधरा दिवस लागणार. मार्केटिंगला तू "आठवड्यात देते" म्हणालीस तर ते वचन नसतं, नवस असतो. पंधराचे दहा करायचे तर दोनच वाटा. रोज सुटणारे वाढव, नाहीतर आत घेतलेले कमी कर. दुसरी वाट कुणाला आवडत नाही, कारण नमुना "घेतला" म्हटलं की पाठवणारा खूश होतो. पण सगळे अर्धवट उघडे ठेवण्यापेक्षा दहा पूर्ण करून पुढचे दहा उघडणं केव्हाही बरं. अर्धवट नमुन्यांची द्रावणंही शिळी होतात, हे वेगळंच.

आता यंत्रांचं. तुझे मॅनेजर तुला सांगतील की एचपीएलसी (कॉलममधून द्रावण पाठवून घटक मोजणारं यंत्र) रिकामी दिसता कामा नये. ऐकून घे, मान डोलाव, आणि प्रत्येक यंत्राच्या आठवड्यातली एखादी रात्र मोकळी ठेव. साधी सीक्वेन्स, म्हणजे यंत्रावर ओळीने लावलेली इंजेक्शनं, मोजून बघ. ब्लँक (नुसतं द्रावक) एक, प्लासिबो (औषधाशिवायची गोळी) एक, स्टँडर्डची सहा, सहा नमुने दोन-दोनदा म्हणजे बारा, मधे आणि शेवटी स्टँडर्ड पुन्हा दोन. झाली बावीस इंजेक्शनं. रन टाइम ३५ मिनिटं धरला तर ७७० मिनिटं, म्हणजे बारा तास पन्नास मिनिटं. संध्याकाळी सहाला लावलं तर सकाळी सातच्या आसपास संपेल, फर्स्ट शिफ्टला हातात डेटा. पण हे सगळं सुरळीत झालं तर. मध्यरात्री प्रेशर चढलं, सिस्टिम सूटेबिलिटी (यंत्र नीट मोजतंय का याची चाचणी) बसली नाही, एमआयडीसीची लाइट गेली, की ती सीक्वेन्स पुन्हा लावायला जागा हवी. शंभर टक्के भरलेल्या यंत्रावर ती जागा नसते. मग एका यंत्राची अडचण पुढच्या पाच कामांत शिरते आणि शुक्रवारपर्यंत सगळेच एकमेकांवर खेकसतात.

आणि हो, मिनिटाला एक मिलिलिटर फ्लो असेल तर त्या रात्रीला मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) लागते ७७० मिलिलिटर, अधिक सुरुवातीचा तासभर, अधिक पर्ज (नळ्या धुणं). एक लिटर काठावर पुरतो. काठावरचं रात्री दोनला संपतं. दीड लिटर कर. ही टीप कुठल्याही मॅनेजमेंटच्या कोर्सपेक्षा मला जास्त वेळा उपयोगी पडली आहे.

स्टॅबिलिटीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तिथे वाट बघण्याचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. चेंबरमध्ये, म्हणजे तापमान आणि आर्द्रता धरून ठेवणाऱ्या कपाटात, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने म्हणजे सहा महिने. तिथे कुणाची ओळख चालत नाही. एमडींनी फोन केला तरी गोळी लवकर म्हातारी होत नाही. ही वाट म्हणजेच तो प्रयोग. पण तीन महिन्यांचा नमुना चेंबरमधून काढला आणि तो तीन आठवडे टेबलावर पडला, तर ती वाट आपली. गंमत अशी की घाई झाली की लोक पहिल्या वाटेवर जोर लावतात, "चार महिन्यांच्या डेटावर काही लिहिता येईल का?" विचारतात. दुसरीकडे कुणी बघतही नाही.

तुझ्या तीन बॅचचं चार्जिंग (चेंबरमध्ये ठेवणं) अजून व्हायचंय म्हणालीस, म्हणून हे आत्ताच सांगते. तीन बॅच, ब्लिस्टर आणि बाटली असे दोन पॅक, २५/६० आणि ४०/७५ (अंश आणि आर्द्रतेचे टक्के) अशा दोन कंडिशन. तिन्ही एकाच दिवशी चेंबरमध्ये ठेवल्यास तर तिसऱ्या महिन्यात बारा नमुने एकाच सकाळी बाहेर येतील, सहाव्या महिन्यात पुन्हा बारा. प्रत्येकाचं अॅसे (औषधाचं प्रमाण), रिलेटेड सबस्टन्सेस (अशुद्धी), डिझोल्यूशन (गोळी विरघळणं), पाण्याचं प्रमाण. त्या आठवड्यात लॅबचा आठवडी बाजार होतो. बॅचमध्ये एकेक आठवड्याचं अंतर ठेव. प्रोटोकॉलला त्याची हरकत नसते, कागदावर एक ओळ बदलते, आणि पुढची तीन वर्षं तुला दुवा देत कुणीतरी वेळेवर घरी जाईल. नववा, बारावा, अठरावा, चोविसावा आणि छत्तिसावा महिना आजच कॅलेंडरवर टाक. गणपती, दिवाळी आणि वार्षिक कॅलिब्रेशनच्या आठवड्यांशी ताडून बघ.

बाहेरून येणाऱ्या वस्तूंची वाट वेगळीच. २००८ च्या शेवटी आमच्याकडे अॅसिटोनायट्राइल, मोबाइल फेजचं द्रावक, मिळेनासं झालं. मी पर्चेसवाल्यांना नको नको ते बोलले. नंतर कळलं की हे रसायन मुळात अॅक्रिलोनायट्राइल बनवताना निघणारा जोडमाल. मंदीत गाड्यांचा खप घटला, त्यांच्या प्लॅस्टिकची मागणी घटली, तसं अॅक्रिलोनायट्राइलचं उत्पादन उतरलं. बीजिंग ऑलिम्पिकच्या वेळी चीनमधले काही कारखाने बंद होते, टेक्सासला चक्रीवादळाने आणखी एक बंद पाडला. आणि अडलं कोण, तर आम्ही, २५ सेंटिमीटरच्या सी-एटीन कॉलमसमोर! पर्चेसवाल्यांची मी नंतर माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी एक कागद करते. जी वस्तू मुंबईत दोन दिवसांत मिळत नाही ती त्यावर. इम्प्युरिटी स्टँडर्ड, फार्माकोपियाचं रेफरन्स स्टँडर्ड, खास कॉलम. मेथड ट्रान्सफर अडतं ते बहुतेक वेळा विज्ञानाने नाही, वीस मिलिग्रॅमच्या कुपीपायी अडतं. त्या कुप्यांची ऑर्डर प्रोटोकॉलवर सह्या व्हायच्या आधी गेली पाहिजे.

नायट्रोसमीनच्या कामात अडचण यंत्राची असेल. जुलै २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए हे नायट्रोसमीन सापडलं आणि पुढच्या वर्षी युरोपने सगळ्याच रासायनिक औषधांची जोखीम तपासा म्हणून सांगितलं, तेव्हा एलसी-एमएस या सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रासमोर लागलेली रांग मी विसरणार नाही. आपण आयुष्यभर टक्क्यांत मोजणारी माणसं. आणि ही मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ३२० मिलिग्रॅमच्या डोसला दशलक्षात ०.३ भाग. एवढ्यासाठी एकच यंत्र आणि पंधरा मागणारे. जो मोठ्याने ओरडेल त्याचं आधी, असा आमचा कारभार चालला होता. मग आम्ही फळ्यावर क्रम लिहिला आणि क्रमाचं कारणही शेजारी लिहिलं. पेशंटच्या हातात असलेलं औषध आधी, मंजुरीसाठी फाइल करायचं नंतर. ओरडा थांबला नाही, पण तो फळ्याकडे तोंड करून होऊ लागला. हे तू नक्की कर.

आता जे लिहायला मला जड जातं ते. एका वर्षी मार्चअखेरीला मी सकाळच्या मीटिंगमध्ये म्हणाले, "आज काही झालं तरी रिपोर्ट पाहिजे." त्या दिवशी एका मुलाचं अॅसे मर्यादेच्या खाली आलं. त्याने मला सांगितलं नाही. दुसरी फ्लास्क केली, तिचा निकाल बसला, तोच लिहिला, आणि पहिली बेसिनमध्ये ओतून दिली. ऑडिट ट्रेलमध्ये (यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत) पहिलं इंजेक्शन अर्थातच होतं. क्यूएला (गुणवत्ता खात्याला) ते पाच आठवड्यांनी सापडलं. चौकशीत मुलाचं जे व्हायचं ते झालं. मला कुणी काही विचारलं नाही, कारण "काही झालं तरी" हे शब्द कुठल्याच रेकॉर्डमध्ये नव्हते. पहिल्या फ्लास्कमध्ये नक्की काय चुकलं होतं, पिपेट की गोळी, ते आता कधीच कळणार नाही. द्रावणच उरलं नव्हतं.

१९९३ साली न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात अमेरिकन सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज हा खटला निकाली निघाला. नापास नमुना पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत बसायचं नाही, हे त्यात न्यायाधीश वोलिन यांनी ठरवून टाकलं. २००६ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, ओओएसची (मर्यादेबाहेरच्या निकालांची) मार्गदर्शिका काढली, तिच्यामागे हाच निकाल आहे. ट्रेनिंगमध्ये तू हे सगळं वाचलंयस, त्या मुलानेही वाचलं होतं. त्याला नियम ठाऊक होता आणि माझा आवाजही ठाऊक होता, आणि त्या दुपारी माझा आवाज जास्त जवळ होता.

तेव्हापासून मी "झालं का?" विचारणं सोडलं. "काय अडलंय?" विचारते. पहिल्या प्रश्नाला माणूस हो म्हणायला बघतो. दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी असतंच. आणि कुणी वाईट बातमी घेऊन आलं तर आधी द्रावणं, वायल, फ्लास्क जिथे आहेत तिथे ठेवायला सांग, मग खुर्ची दे, मग ऐक. तारीख पुढे गेल्याचं वरच्यांना तू स्वतः सांग, त्याच दिवशी, संध्याकाळच्या आत. ओओएसच्या चौकशीला लागणारे दिवस चेंबरमधल्या दिवसांसारखेच धर. ते कमी करायला जाऊ नकोस. ते जिथून भरून काढायचे ती जागा रिव्ह्यूच्या टेबलावर आहे.

मीटिंगांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट एकत्र असतात त्या वेळी फळ्यासमोर दहा मिनिटं, उभ्याने. चहा नंतर. आणि सॉफ्टवेअरचं उत्तर राहिलंच. सध्या एक एक्सेल पुरे, पण तिला मालक एकच. जिच्यात सगळे लिहितात ती कुणीच वाचत नाही.

पुढच्या रविवारी डोंबिवलीहून येणार असशील तर आधी मेगाब्लॉक बघ. येताना गेल्या महिन्यातल्या कुठल्याही दहा नमुन्यांच्या तारखा वहीत उतरवून आण. आला कधी, उघडला कधी, इंजेक्ट झाला कधी, रिव्ह्यूला गेला कधी, सुटला कधी. प्रॉडक्टचं नाव नको, कंपनीचा कागद तर मुळीच नको, नुसत्या तारखा. बदलापूर स्टेशनला उतरलीस की फोन कर. दुपारी भात-आमटी खाऊ आणि त्या तारखांच्या मधल्या जागा मोजत बसू.

तुझी,
मॅडम